परसात आईसाठी वाचायची जागा करतोय: चिरा, सावली, पावसाळी भाजी आणि जमलं तर एखादा सिनेमा

परसदार | ४ मे

नमस्कार मंडळी. घर गोव्यात, प्रियोळ-म्हार्दोळच्या बाजूला, जुनं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं). आई ८३ वर्षांची आहे. तिची मराठी शाळा पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, भरायची. तिथे लागलेली वाचनाची सवय आजतागायत सुटलेली नाही. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दृष्टी बरी आहे, पण खोलीत वाचायला बसली की पंधरा मिनिटांत पुस्तक मिटते. म्हणते, उजेड पुरत नाही. दिवा मोठा केला, टेबलावर वेगळा दिवा आणला, उपयोग शून्य. परवा सकाळी मात्र न्हाणीच्या पायरीवर बसून सबंध दीड तास वाचत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "हांव हांगाच बसतां." म्हणजे, मी इथेच बसते.

पायरीवर पाठीला टेकू नाही, आणि खाली न्हाणीचं पाणी वाहतं. म्हणून परसात तिच्यासाठी पक्का सोपो, म्हणजे चिऱ्याचं बांधीव बाक, बांधायचा ठरवलं आहे. मागच्या कुंपणाजवळ दोन माड आहेत, त्यांच्या मधे जागा छान मोकळी आहे. आमचं घर पूर्वाभिमुख, म्हणजे परस पश्चिमेला. पावसाआधी काम उरकायचं आहे. शेजारी पावसाळी भाजीचे वाफे आणि दोडक्याचा माटवही (मांडव) घालणार. अनुभवी लोकांनी सांगा: उंची किती ठेवू, वरून काय करू, काय टाळू?

चिरेबंदी | ४ मे

उंचीबद्दल सांगतो. आमचे जुने सोपे सुंदर असतात पण खोल आणि बुटके. म्हाताऱ्या माणसाला त्यातून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच हवी. चिऱ्याचे दोन थर म्हणजे चौदा इंच, सांध्यांचा एक, वर दोन इंचांचा कोबा. झाले सतरा. चिरा फोडायची गरजच पडत नाही. बैठक पुढून मागे सोळा इंचांपेक्षा जास्त खोल नको, नाहीतर पाठ टेकली की पाय अधांतरी राहतात. पाठीचा चिरा किंचित मागे कलता लावा. आणि एका बाजूला, फक्त एका बाजूला, हात टेकायला अर्धा थर जास्त चढवा. ज्या हाताने तुमची आई जोर देऊन उठते ती बाजू. हे मेस्ताला (गवंड्याला) विचारू नका, आईला उठताना बघा.

चिरा खाणीतून ताजा आणलात तर मऊ असतो, उघड्या हवेत राहिला की टणक होतो. थोडे दिवस पसरून ठेवा. एकावर एक रास करून ठेवू नका, त्याचं कारण इथे कोणीतरी सांगेलच.

कुळागरातली सून | ५ मे

परसदार भाऊ, कृपा करून माडांच्या मधे बांधू नका! पाडेली (नारळ पाडणारा) वेळेवर येत नाही हे आपण सगळेच जाणतो. सुकलेला नारळ कधी पडेल सांगता येत नाही, आणि वाऱ्यात हिरवं चुडतसुद्धा (माडाची झावळी) मोडून येतं. माझ्या सासऱ्यांच्या खांद्यावर चुडत पडलं होतं, तीन महिने हात वर होत नव्हता. आम्ही कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) काम करतो तेव्हा माडाखाली थांबत नाही, चालत राहतो. तिथे पुस्तकात डोकं घालून बसलेलं माणूस वर बघणार कधी?

फणसाखालीही नको. आंब्याखाली चालेल, पण लाल ओंबीलची (झाडावर पानांची घरटी करणाऱ्या चावऱ्या मुंग्यांची) घरटी आधी बघून घ्या.

खरं म्हणजे झाड हवंच कशाला? परस पश्चिमेला आहे ना, मग सकाळी घराचीच सावली परसात पडते. भिंतीपासून दोन-तीन पावलांवर सोपो घ्या, पाठ घराकडे. वर आकाश उघडं, उजेड भरपूर आणि पानावर थेट ऊन नाही. आईंना न्हाणीची पायरी का आवडली ते यातच आहे. संध्याकाळचं ऊन समोरून येईल, त्याला आडोसा म्हणून पश्चिमेच्या बाजूला माटव घाला आणि वर दोडकी चढवा. तुम्ही जायांसाठी ओळखल्या जाणाऱ्या म्हार्दोळच्या बाजूचे, एका खांबावर जायांची (जाईची) वेल लावल्याशिवाय कसं राहाल?

परसदार | ५ मे

ताई, तुमचे उपकार कसे मानू. माडांचा विचार मनातून काढून टाकला. आज सकाळी सात ते दहा दर अर्ध्या तासाला सावली कुठवर येते ते काठीने रेघ मारून पाहिलं. साडेनऊला सावलीची कड भिंतीपासून चांगली लांब होती. आई रेघा बघत उभी होती. मग तिने आपणहून जागा दाखवली. मी ठरवली होती त्याच्यापेक्षा हातभर डावीकडे, कारण तिथून मान वळवली की स्वयंपाकघराचं दार दिसतं. गॅसवर काय ठेवलंय ते दिसल्याशिवाय तिचं वाचनात लक्ष लागत नाही.

चिरेबंदी, उठताना पाहिलं. डावा हात. मी इतकी वर्षं समजत होतो उजवा.

पेडण्याहून | ६ मे

चिऱ्यांची रास, नारळाच्या सोडणांचा (सालींचा) ढीग, जुनी कौलं, लाकडं, हे सगळं बसायच्या जागेपासून लांब ठेवा. फुरसं अशाच ठिकाणी लपतं. लहान साप, रंग मातीसारखा, दिसत नाही. पावसात घोणसही येते. अंधार पडल्यावर परसात जायचं तर हातात बॅटरी आणि पायात बूट. आईंनासुद्धा सांगून ठेवा की दगडाच्या फटीत हात घालून काही उचलायचं नाही. आणि देव न करो, पण चावलंच तर मंत्र-मुळी करत वेळ घालवायचा नाही, सरळ सरकारी हॉस्पिटल.

मडगावची वाचक | ९ मे

बांधकामातलं मला कळत नाही. पुस्तकांविषयी मात्र बोलते, कारण पावसाळा तोंडावर आहे.

आईंना वाचनाची एवढी सवय, म्हणजे घरात जुनी पुस्तकं असणारच. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की महिन्याभरात बांधणीच्या कापडावर हिरवट-पांढरी बुरशी चढते. आमच्याकडे वडिलांचं मोठं कपाट होतं, बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून. ती भिंत पावसाचा मारा खायची. एका चतुर्थीला कपाट उघडलं तर खालच्या फळीवरची पुस्तकं एकमेकांना चिकटलेली, आणि मागून वाळवीने मातीची नळी काढलेली. दिवाळी अंकांचे तेवीस वर्षांचे गठ्ठे गेले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी प्रत्येक अंक उघडायचा प्रयत्न केला, ज्याची पानं सुटली ती उन्हात न ठेवता पंख्याखाली पसरली. सुटली फार थोडी.

त्यानंतर आम्ही काय केलं ते लिहिते. कपाट आतल्या भिंतीला, भिंतीपासून चार बोटं पुढे. पाय जमिनीपासून उचललेले. पुस्तकं कोंबून भरायची नाहीत, मधे हवा खेळली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात बांधायची नाहीत, ओलावा आतच कोंडतो. जुने लोक कपाटात एक छोटा पिवळा बल्ब लावून ठेवत, त्याची ऊब पुरते. फक्त तो कागदाला टेकता कामा नये. कापूर आणि सुकवलेला कडुलिंब आम्ही ठेवतो, त्याने कसर कमी होते. पण हवा लागणं हे त्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. पावसाने उघडीप दिली की पुस्तकं बाहेर काढा, मऊ ब्रशने झटका. बुरशी झटकताना नाकाला कापड बांधा.

आणि परसात वाचून झालं की पुस्तक सोप्यावर विसरू देऊ नका. हा नियम सगळ्यांना लावा.

परसदार | २९ मे

सोपो झाला. सगळं सांगतो, चूक झाली तीही सांगतो.

चिरा बसवून घ्यायला दोन दिवस लागले. वरचा कोबा लाल ऑक्साईडचा करायचा हट्ट माझा, कारण आमच्या ओटीवर तसाच आहे आणि सत्तर वर्षं टिकलाय. मेस्ताने रंग मोजून घातला. म्हणाला, सिमेंटच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घातला तर कोबा कच्चा राहतो. त्याने थापीने घोटायला सुरुवात केली तेव्हा आई आली आणि थांबवलं. तिचं म्हणणं, ओटीवर छप्पर आहे, इथे पाऊस लागणार, गुळगुळीत केलंस तर मीच घसरणार. बरोबर होतं. मग बैठक घोटली आणि समोरची पाय ठेवायची पट्टी झाडूने खरखरीत ओढून घेतली.

चूक अशी की आठवडाभर पाणी मारायचं होतं ते मी तिसऱ्या दिवशी चुकवलं. एका लग्नाला गेलो होतो. मेच्या उन्हात कोबा अर्धवट वाळला आणि मधोमध पांढरे ढग उठले. मला फार वाईट वाटलं. आईच्या बसायच्या जागेवर नेमके डाग.

आईने त्यावर बसून पाहिलं. उठून पाहिलं. पुन्हा बसली. मग आत जाऊन पुस्तक घेऊन आली.

चिरेबंदी | २९ मे

ते सिमेंटातल्या चुन्याचे डाग. एक पावसाळा धुऊन जाऊ द्या, बरेच उतरतील. दिवाळीच्या सुमाराला कोरडं झालं की खोबरेल तेल कापडाने चोळा, रंग वर येईल. तोडून पुन्हा करू नका.

कुळागरातली सून | ११ जून

पाऊस लागला! दोडकी, कारली, भेंडी, तवशी (काकडी) टोचून घ्या आता. हळद लावलीत का? नसेल तर चार कंद तरी न्हाणीच्या पाण्याच्या वाटेपासून थोड्या उंचवट्यावर लावा, पाणी साचलं तर कंद कुजतात. पातोळ्यांना पानं घरची हवीत.

न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला सोडा. पण मोरीचं पाणी साचू देऊ नका. करवंट्या, फुटके डबे, कुंड्यांच्या ताटल्या, आठवड्यातून एकदा सगळं पालथं करायचं. डास झाले तर परसातलं वाचन संपलं म्हणून समजा.

नारळाची सोडणं असतील तर माडाच्या बुंध्याभोवती चर खणून पुरा, आतली खोलगट बाजू वर. पाणी धरून ठेवतात आणि पाच-सहा वर्षं कामाला येतात. पेडण्याच्या भाऊंनी सांगितलेला ढीगही मग उरणार नाही.

परसदार | २० जुलै

दोडकी माटवावर चढली, पण हाताएवढं फळ झालं की पिवळं पडून वाकडं होतंय. कापलं तर आत बारीक पांढऱ्या अळ्या. काय करू? फवारणी नको आहे, आई तिथेच खाली बसते.

सत्तरीचा शेतकरी | २० जुलै

फळमाशी. फवारून तशीही ती आटोक्यात येत नाही, अळी फळाच्या आत असते. दोन कामं करा. पहिलं, किडकं फळ वेलावर किंवा खाली सोडू नका. रोज गोळा करून खोल पुरा किंवा बंद पिशवीत उन्हात टाका. आमच्याकडे लोक कंपोस्टात टाकतात, तिथून माशी पुन्हा बाहेर येते. दुसरं, फूल गळून फळ बोटाएवढं झालं की त्याला कागदाची लांब पिशवी चढवा, वरून सुतळीने सैल बांधा. पावसात कागद भिजतो, बदलायचा. वेलभाज्यांसाठी क्यू-ल्यूरचा (माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा मिळतो तोही टांगा. आंब्याला जो टांगतात तो वेगळा, दुकानात दोडक्यासाठी म्हणून सांगून घ्या. सापळ्यात नर माश्याच सापडतात, त्यामुळे सापळा लावला म्हणून पिशव्या टाळू नका.

परसदार | १४ ऑगस्ट

पिशव्यांचं काम आईने घेतलं. जुन्या वर्तमानपत्राच्या नळ्या करते, भाताच्या पेजेने चिकटवते. एक बातमी अर्धी राहिली म्हणून काल नळी पुन्हा उलगडून वाचली. आतापर्यंत अकरा दोडकी धड निघाली.

आता वेगळा प्रश्न. पाऊस सलग पडतोय, दहा-दहा दिवस बाहेर बसता येत नाही. आई कंटाळली आहे. तिला सिनेमाला न्यावं असं मनात आहे. लग्नानंतर वडील तिला पणजीला घेऊन जायचे, बसने, दुपारच्या खेळाला. शेवटचा सिनेमा थिएटरात बघून तिला तीस वर्षं तरी झाली. मागच्या वर्षी मी प्रयत्न केला होता. एका मल्टिप्लेक्सात मराठी सिनेमा लागला होता, पण दिवसाचा एकच खेळ आणि तोही रात्री पावणेदहाचा. ८३ वर्षांच्या बाईने घरी परतायचं कधी? चार दिवसांनी दुपारचा खेळ मिळेल म्हणून थांबलो, तोवर सिनेमाच उतरला. फार चीड आली होती. गोव्यात मराठी बघणारे नाहीत असं म्हणतात, आणि खेळ लावतात असा.

जुना प्रेक्षक | १४ ऑगस्ट

हे दुखणं माझंही आहे. मी सांगतो ते पटलं तर करा: शुक्रवारी लागला की शनिवार-रविवारीच जा, दुसऱ्या आठवड्याचा भरवसा धरू नका. पहिल्या दोन दिवसांत खुर्च्या भरल्या तर दुपारचा खेळ टिकतो. आम्ही आठ-दहा घरं मिळून एकाच खेळाची तिकिटं काढतो.

इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) २००४ पासून गोव्यात होतो, मी सुरुवातीपासून जातो आणि मला त्यातून खूप मिळालं. पण आईंना नेण्याआधी विचार करा. परभाषेतल्या सिनेमांना खाली इंग्रजी ओळी असतात, त्या भराभर बदलतात. मराठी सिनेमा असेल त्या दिवशीच न्या. मराठी चित्रपट महोत्सवही पणजीत भरतो, तो त्यांना जास्त मानवेल.

खुर्ची निवडताना वरच्या रांगेचा मोह नको. अंधारात पायऱ्या चढणं-उतरणं हाच खरा धोका. दारातून आत गेल्यावर पायरी न चढता जी रांग लागते ती, आणि कडेची खुर्ची. दिवे मालवायच्या दहा मिनिटं आधी बसवा. शाल न्या, एसी फार असतो. मध्यंतरात गर्दी ओसरल्यावर उठा.

मडगावची वाचक | १५ ऑगस्ट

माझ्या आत्याला सिनेमाचा आवाज सहन होत नाही, कानाला लावलेलं ऐकण्याचं यंत्र ती आत गेल्यावर कमी करते. आईंना यंत्र असेल तर ध्यानात ठेवा.

आणि जत्रेतलं नाटक विसरू नका. तुमच्याच भागात माघात मंगेशीची जत्रा असते. आपल्या गावची मुलं-माणसं रंगमंचावर उभी राहून मराठी नाटक करतात ते बघण्यासारखं दुसरं काही नाही. खुर्ची घरची नेता येते, कंटाळा आला तर अर्ध्यावर उठता येतं.

परसदार | २ सप्टेंबर

नेलं. रविवारी, दुपारी एकच्या खेळाला. आमच्या वाड्यावरची तीन घरं मिळून अकरा माणसं.

सकाळपासून आईची तयारी चालली होती. वेलीवरच्या जायांच्या कळ्या तिने पहाटेच काढल्या. यंदा पहिल्यांदाच फुलली आहे, कुळागरच्या ताईंमुळे. सुकवलेल्या केळीच्या धाग्यात गुंफल्या, स्वतः माळल्या आणि उरलेल्या पदराच्या टोकाला बांधल्या. थिएटरात अंधार झाल्यावर तो वास आमच्या सबंध रांगेला येत होता. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मागे वळून विचारलं, आजी, म्हार्दोळची जायां? आईने पदराची गाठ सोडून तिला दोन कळ्या दिल्या.

सिनेमा कसा होता यावर तिचं आणि माझं पटलेलं नाही. मला आवडला. तिचं म्हणणं, त्या घरातली बाई एवढा वेळ गप्प का राहते ते कोणी सांगितलंच नाही. गाडीत बांदोड्यापर्यंत यावरच बोलत होती. म्हणाली, पुस्तक असतं तर मागे जाऊन पाहिलं असतं, माझ्याकडून काही वाचायचं राहिलं का ते.

हे ऐकून मी ठरवलं की तिला पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात न्यायचं. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था, मी विद्यार्थी असताना जायचो, आणि तिला एकदाही नेलेलं नाही. मोठ्या टायपातली मराठी पुस्तकं तिथे स्वतःच्या हाताने निवडू दे. इतकी वर्षं तिच्यासाठी पुस्तकं मीच निवडून आणतोय.

कुळागरातली सून | २ सप्टेंबर

डोळ्यांत पाणी आलं भाऊ. त्या मुलीला दोन कळ्या दिल्या ते वाचून.

चिरेबंदी | ३ सप्टेंबर

कोब्याचे डाग कसे आहेत?

परसदार | २६ ऑक्टोबर

डाग निम्मे उतरले. काल खोबरेल चोळलं, बैठक गडद लाल झाली आहे. जिथे ढग होते तिथे आता फिकट सावट दिसतं, पण आई बरोबर त्यावरच बसते, त्यामुळे दिसतही नाही. हात टेकायच्या चिऱ्याची कड तिच्या तळव्याने थोडी गुळगुळीत व्हायला लागली आहे.

ग्रंथालयातून तीन पुस्तकं आणली. दोन तिने निवडली, एक मला घ्यायला लावलं. रोज सकाळी ती साडेआठला बाहेर येते, दहापर्यंत बसते. रविवारी मीही तिथे बसतो. सोपो दोघांना पुरेल इतका लांब आहे हे बांधताना लक्षात आलं नव्हतं.

दोडक्याचा वेल काढला, माटव तसाच ठेवलाय, त्यावर वाल सोडणार. खालच्या वाफ्यात तांबडी भाजी (लाल माठ) आणि मुळा. मागच्या वर्षी भाजीचं बी मुंग्यांनी नेलं होतं, यावर काय करता?

सत्तरीचा शेतकरी | २६ ऑक्टोबर

बी फार बारीक असतं, नुसतं टाकलं तर एका जागी दाट पडतं. मूठभर बियाला चार मुठी कोरडी बारीक वाळू मिसळा आणि मग फोका. वाफ्याच्या कडेने चुलीतली राख पसरा, मुंग्यांना आडवी येते. पाणी झारीने, धार नको. महिन्याभरात काढायला येईल.

परसदार | २७ ऑक्टोबर

राख शेजारच्या काकींकडून आणली, त्यांच्याकडे अजून चूल आहे. वाळू चाळून ठेवली. उद्या सकाळी आई बाहेर यायच्या आधी पेरून घेतो, नाहीतर पुस्तक बाजूला ठेवून वाफ्यात उतरेल.